माझा अंगठा आणि शालनची टाकी

लोक हवापालटाला जातात, देवदर्शनाला जातात, कुणी सासुरवाडीला जातात. मी सातारा-सांगलीकडं गेलो तो जळायला. हे आधीच सांगून टाकतो. पुढं एखाद्या चांगल्या गोष्टीला मी नाक मुरडलेलं दिसलं, तर वाचकांनी त्या गोष्टीला दोष देऊ नये, मला द्यावा.

मी पुण्यात एका संशोधनसंस्थेत काम करतो. कण बनवतो. हे कण इतके बारीक, की केसाच्या जाडीत शेकडो एका रांगेत उभे राहतील. शस्त्रक्रियेनंतर आपोआप विरघळणारे टाके घालतात ना, त्याच पदार्थाचे ते असतात. नुसते रक्तात सोडले तर शरीर त्यांना परका पाहुणा समजून क्षणात हाकलतं. म्हणून त्यांना रक्तातल्या तांबड्या पेशीचं आवरण, म्हणजे पेशीची साल, अंगरख्यासारखी घालायची. मग शरीर फसतं, आणि जंतूंचं विषही फसतं. तांबड्या पेशी फोडायला निघालेलं विष या खोट्या पेशींना येऊन चिकटतं आणि तिथंच अडकतं.

अंगरखा घालायची माझी रीत अशी: काचेच्या दोन पिचकाऱ्या समोरासमोर, मधे बारीक गाळणी, आणि अंगठ्यानं इकडून तिकडं, तिकडून इकडं दाबत राहायचं. वर्षानुवर्षं दाबून माझ्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडलाय. दिवसभराच्या दाबादाबीनंतर चमचाभर माल निघतो. तो चमचा देखणा असतो. त्याच्यावर माझे लेख छापून आले आहेत. त्यानं आजवर एकाही जिवाला गुण आलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

शालन आणि मी एकाच गुरूंचे विद्यार्थी, शेजारशेजारच्या टेबलांवर. ती विट्याकडची. शिक्षण संपवून ती गावाकडं परतली तेव्हा आम्ही सगळे हळहळलो. ‘हुशार मुलगी, वाया गेली,’ असं मीच चारचौघांत म्हणालो होतो, आणि म्हणताना मला बरं वाटलं होतं. मग अलीकडं बातम्या येऊ लागल्या. शालननं सांगलीजवळ शेड घेतलीय. शालन मेंढ्यांच्या रक्तापासून तेच कण करते. मेंढ्यांच्या कासेच्या आजारावर देते. आणि करते ते चमच्यानं नव्हे, घागरीनं.

त्यात आमच्या संचालकबाईंनी मला बोलावलं. शालननं संस्थेकडं मदतीचा प्रस्ताव पाठवला होता. बाई म्हणाल्या, “दोन ठिकाणी एकच काम पोसणं आपल्याला जमणार नाही. तू जाऊन बघ. तिचं खरंच चालत असेल तर तुझी खोली, तुझी माणसं तिच्या कामाला जोडू. नसेल चालत, तर तिचा प्रस्ताव परत.”

म्हणजे तिचं चांगलं निघालं तर माझं दुकान बंद, आणि निकाल द्यायचा मी. असा न्यायाधीश मिळाल्यावर आरोपीचं काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. मी बॅग भरली.

सातारा

साताऱ्याच्या स्टँडवर शालन जीप घेऊन उभी होती. केस पांढरे झालेले, पायात कॅनव्हासचे बूट, आणि चेहऱ्यावर असं ऊन, जे प्रयोगशाळेत बसून कुणाला मिळत नाही. मी मनातल्या मनात तिच्या सुरकुत्या मोजायला घेतल्या. तेवढ्यात ती हसली आणि सगळा हिशेब बिघडला.

“आरं मिलिंद, वाळलास की! अंगठा कसा हाय तुझा?”

इतक्या वर्षांनी पहिला प्रश्न अंगठ्याचा. मी तो खिशात घातला.

साताऱ्यात येऊन कंदी पेढे न खाणं म्हणजे पाहुणचाराचा अपमान. तिनं पुडा माझ्या मांडीवर ठेवला आणि जीप हाकली. पेढे उत्तम होते. दुकानदारानं तिच्याकडून पैसे घ्यायला नाही म्हटलं होतं, कारण तिनं त्याच्या भावाच्या शेळीला बरं केलं होतं. पुण्यात मी ज्या दुकानातून रोज दूध घेतो, तिथला माणूस मला अजून ‘ओ चष्मेवाले’ म्हणतो. त्यानंतर पेढा जरा जास्त गोड लागला. मी दोनच खाल्ले.

जीपच्या मागच्या बाजूला थंड पेटी होती. “दुधाची गाडी असती का न्हाई गावोगाव फिरणारी, तशी ही रक्ताची,” शालन म्हणाली. मेंढपाळांच्या कळपातल्या धडधाकट मेंढ्यांचं थोडंथोडं रक्त घ्यायचं, पेटीत ठेवायचं, सांगलीला न्यायचं. आज माणची खेप. उद्या जतकडची.

“आणि गुण येतो?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

पुसेगाव मागं पडलं. मग ती म्हणाली, “चल की. ज्याची मेंढरं हायती, त्यो तात्याच सांगंल.”

दहिवडीच्या पुढं

माण तालुक्यात शिरलं की हिरवा रंग आटत जातो. साताऱ्याकडचा ऊस संपतो, बाभळी आणि कुसळं सुरू होतात, आणि माळ इतका मोकळा होतो की नजर कुठं ठेवावी कळत नाही. पुण्याच्या माणसाला समोर इमारत लागते. मला उगाच चुकल्यासारखं झालं.

तात्यांचा कळप एका शेतकऱ्याच्या रानात बसला होता. ही इकडची मोठी सोयीची रीत. मेंढपाळानं रानात मेंढरं बसवायची, लेंडीचं खत शेतकऱ्याला, बदल्यात मेंढपाळाला धान्य. म्हणजे पाहुणा राहायला येतो, घाण करतो, आणि वर यजमानच त्याला शिधा देतो. आमच्या सोसायटीत पाहुण्याच्या गाडीला जागा द्यायची तर सभा घ्यावी लागते.

तात्या उंच, वाकलेले, डोक्याला तांबडं मुंडासं. त्यांच्या कारभारीण हौसाक्का चुलीपाशी होत्या. शालन दिसताच दोघांचे चेहरे उजळले. मला त्यांनी ‘सायेब’ म्हणून पोतं अंथरून दिलं आणि विसरून गेले.

शालननं आणि दहिवडीत जीपमध्ये चढलेल्या जनावरांच्या डॉक्टरनं रक्त घ्यायला सुरुवात केली. मानेवरची लोकर बाजूला सारायची, शीर दाबायची, सुई, पिशवी. मेंढी हलत नव्हती. झालं की तिला गुळाचं पाणी आणि मूठभर मका. मला वाटलं, आपणही हातभार लावावा. एका मेंढ्याला धरायला गेलो. त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं, एक पाऊल मागं घेतलं आणि गुडघ्यावर अशी धडक दिली की मी थेट हौसाक्कांच्या सरपणात बसलो.

“सायेब, त्यो नव्या माणसाला वळखत न्हाई,” तात्या म्हणाले. “बाईंला काय करीत न्हाई बगा.”

मेंढासुद्धा तिच्याच बाजूचा.

जेवायला बाजरीची भाकरी, खर्डा, आणि आधी वाडगाभर हुलग्याचं माडगं. हुलग्याचं पीठ शिजवून केलेली पातळ, गुळाची, गरम पेज. आमच्याकडं सूप नावाचं पांचट पाणी कपातून पितात, त्याच्या थोबाडीत मारेल असा तो पदार्थ. मी दुसऱ्यांदा मागावं की नाही या विचारात होतो.

“खावा की, लाजतासा का?” म्हणत हौसाक्कांनी वाडगा परत भरला.

जेवताना तात्यांनी विषय काढला. मेंढी व्याली की कधीकधी तिची कास सुजते, तापते, दगडासारखी कडक होते. त्या आजाराला इकडं ‘दगडी’च म्हणतात. जंतूंचं विष कासेतून अंगात भिनतं. मेंढी दगावते, नाहीतर कास निकामी होते आणि कोकरू उपाशी मरतं.

“पैल्या डावाला बाईंनी सुई दिली, तवा लय गुण आला,” तात्या म्हणाले. “कास नरम पडली, कोकरू लुचाय लागलं. मी मनलं, देवच पावला. मग मागल्या खेपंला तीच सुई, त्योच दवा. पाण्यागत गेला. मेंढी गेली.”

त्यांनी बोट दाखवलं. एका शेळीच्या आचळाला एक कोकरू लोंबकळत होतं. आई गेली म्हणून त्याला शेळीवर लावलं होतं. शेळी त्याला अधूनमधून लाथ मारत होती आणि ते परत येत होतं.

“मी कुठंतरी चुकतीया, तात्या,” शालन खाली बघून म्हणाली. “गाळण्या बदलल्या, दाब बदलला. कवा गुण येतो, कवा न्हाई. काय कळंना.”

“चुकतंय माणूस. आणखी दोन मेंढ्या व्यायला आल्यात. तुमी चांगलं करून आणा, बास.”

आता खरं लिहितो. तिकडं कोकरू लाथा खात होतं, शालनचे डोळे भरले होते, आणि माझ्या पोटात गुदगुल्या होत होत्या. ‘कधी गुण येतो, कधी नाही.’ याच्यासाठी माझ्याकडं तयार वाक्य होतं: उत्पादनात सातत्य आढळले नाही. एवढं एक वाक्य अहवालात गेलं की माझी खोली सुरक्षित. वाक्य खोटंही नव्हतं. मी माडग्याचा शेवटचा घोट मोठ्या चवीनं घेतला.

विट्यावरून सांगली

विट्याच्या पुढं द्राक्षांच्या बागा लागल्या. शालननं ओळखीच्या मळ्यात जीप थांबवली, आणि मालकानं घड तोडून हातात दिला. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, ही म्हण मला पाठ आहे, आणि त्या दिवशी कोल्हा कोण हेही ठाऊक होतं. द्राक्षं आंबट निघावीत अशी माझी मनापासून इच्छा होती. साखर होती नुसती.

वाटेत शालन बोलत राहिली. संस्थेनं मदत केली नाही तर पावसाळ्यानंतर शेड बंद करावी लागेल, हे तिनं एकदाच सांगितलं आणि विषय बदलला. तिनं माझी मनधरणी केली असती तर मला सोपं गेलं असतं. नकार द्यायला मजा आली असती. ती आपली मला हळदीची रानं दाखवत होती.

शेड

सांगलीबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत ती शेड आहे. बाहेरून पत्र्याची, साधी. मला पुन्हा बरं वाटू लागलं. दारात बापू भेटले. जन्म डेअरीत काढून निवृत्त झालेले, पिळदार मिशांचे, शालनच्या यंत्रांचे सर्वेसर्वा. आत जायला गमबूट घालावे लागतात. पाहुण्यांसाठी उरलेले दोन्ही बूट डाव्या पायाचे होते. तपासणीला आलेला अधिकारी म्हणून मी त्या शेडमध्ये जो प्रवेश केला, तो बदकासारखा.

आणि आत गेल्यावर माझं हसू गेलं.

मी आयुष्यभर अंगठ्यानं जे करत आलो, ते तिथं खोलीएवढ्या अवकाशात, स्टीलमध्ये, शांतपणे चाललं होतं. धुतलेल्या तांबड्या पेशी एका टाकीत साध्या पाण्यानं फुगवतात. फुगून त्यांच्यातला लाल रंग बाहेर पडतो आणि उरतात रिकाम्या फिकट साली. दुसऱ्या टाकीत कण. मग दोघांना एकत्र करून दुधातली साय मोडायचं जे यंत्र डेअरीत असतं, त्याच्या बारीक फटीतून प्रचंड दाबानं दामटायचं. फटीतून बाहेर पडेपर्यंत साल कणाच्या अंगावर चढलेली असते. माझी पिचकारी दिवसभरात जे करते, ते बापूंनी मिशी पिळेपर्यंत झालं.

“पण साफ कसं करतेस?” मी विचारलं. मला तिथं आशा होती. अंगरखा घालणं एक, निवडणं दुसरं. त्या पाण्यात तीन जातीची मंडळी असतात: अंगरखा घातलेले कण, उघडेच राहिलेले कण, आणि आत कुणी नसलेले रिकामे अंगरखे. मी ते गरगर फिरवून वेगळे करतो आणि त्यात निम्मा माल गमावतो.

शालननं एक लांब नळी दाखवली. “गाळणीवर सरळ ओतलं की ती तुंबती. म्हणून ओतायचं न्हाई. तिच्या अंगावरनं घासून न्यायचं, परत फिरवून आणायचं. रिकामे तुकडे बारीक, ते गाळणीतनं खाली जात्यात. अंगरखेवाले वर ऱ्हात्यात.”

“आणि उघडे?”

“ते मिठाच्या पाण्यात एकमेकांना मिठी मारून गठ्ठा करत्यात. जाड गाळणीत आधीच अडकत्यात.”

“ही आयडिया माजी,” बापू मधेच म्हणाले. “डेअरीत आमी चक्क्याचं पाणी असंच काढायचो.”

“बापू, तुमी तवा नगं म्हणत हुता,” शालन म्हणाली.

“नगं म्हणत म्हणत मीच बसवलं का न्हाई?”

तिनं बाटलीत नमुना काढून दिला. मी तो तिच्या यंत्रावर तपासला. माझ्या चमच्याइतकाच देखणा. एकसारखे कण, घाण नाही. मी परत तपासला. परत तेच. मत्सर म्हणजे काय हे मला तोवर ठाऊक आहे असं वाटत होतं. मित्राची बढती झाली, शेजाऱ्यानं गाडी घेतली, ते सगळं किरकोळ. समोरच्या माणसानं तुमचंच आयुष्य तुमच्यापेक्षा चांगलं जगून दाखवलं की जे होतं, तो खरा मत्सर. माझे डोळे पाण्यानं भरले, आणि मी त्याचं खापर गमबुटांवर फोडलं. डावा बूट उजव्या पायाला खरंच चावत होता.

संध्याकाळी जीपमधलं रक्त उतरवलं. उद्या यायची जतकडची गाडीही आजच पोचली होती. तिकडच्या मेंढ्या माडग्याळी जातीच्या, उंच, पोपटनाक्या. माणच्या काळ्या, ठेंगण्या. बापूंनी दोन्हीकडच्या पिशव्या भराभर एका थंड टाकीत रिकाम्या केल्या आणि झाकण लावलं.

“सगळं एकत्र?” मी विचारलं.

“मग? डेअरीत गावागावाचं दूध एकाच टाकीत जातं. थंड करून ठिवायचं, सकाळी कामाला घ्यायचं,” बापू म्हणाले.

मी उभ्याउभ्या थिजलो. मग माझ्या चेहऱ्यावर, मला ठाऊक आहे, हसू आलं.

दूध दुधात मिसळलं तर भांडत नाही. रक्त भांडतं. माणसांसारखे मेंढ्यांतही रक्तगट असतात. एका मेंढीच्या रक्तातल्या पाण्यात दुसरीच्या तांबड्या पेशींचे वैरी असू शकतात, आणि मेंढ्यांतले हे वैरी थंडीत जास्त जोमानं चिकटतात. रात्रभर थंड टाकीत ते पेशींच्या सालीला चिकटणार. धुऊन निघणार नाहीत. तीच साल कणावर चढणार. कण यंत्राखाली देखणाच दिसणार, पण मेंढीच्या रक्तात शिरला की त्याच्या अंगावरची ही चिकटलेली पाटी वाचून यकृत त्याला उचलून टाकणार. औषध पाण्यागत जाणार. पहिल्या खेपेला गुण आला, तेव्हा नक्कीच एकाच कळपाचं रक्त असणार आणि नशीब चांगलं असणार.

गाळण्यांत दोष नव्हता. दाबात नव्हता. आणि हे फक्त मला ठाऊक होतं. त्या रात्री मला फार गाढ झोप लागली.

दुसरा दिवस

सकाळी शालननं नाश्त्याला भडंग दिलं. लसूण, कढीपत्ता, तिखट आणि तेलात न्हालेले चुरमुरे. पुण्यात याला आम्ही चिवडा म्हणून खपवतो, ते साफ खोटं आहे. मी बशीवर बशी रिचवत अहवाल मनात लिहीत होतो. ‘उत्पादनात सातत्य आढळले नाही.’ पुढं कारण लिहायची मला सक्ती नव्हती. कारण मी घरी नेणार होतो, त्याच्यावर सावकाश लेख लिहिणार होतो. तात्यांच्या मेंढ्या आठवल्या तेव्हा आणखी थोडं भडंग घेतलं.

शेडमध्ये शालन थंड टाकीपाशी उभी होती. झाकण उघडं. ती नुसती आत बघत होती. विद्यार्थी असताना एखादी गोष्ट उलगडायच्या आधी ती अशीच उभी राहायची, खालचा ओठ दातात धरून. शेजारच्या टेबलावरून मी तो ओठ पाहिला होता, आणि दर वेळी त्यानंतर ती माझ्याआधी उत्तर सांगून मोकळी व्हायची. दर वेळी.

“बापू,” ती हळू म्हणाली, “पैल्या खेपंला टाकीत कुणाचं रक्त हुतं?”

“तात्यांचंच की निस्तं. जतची गाडी तवा सुरू नव्हती.”

“आन् मागल्या खेपंला?”

“दोनीकडचं.”

ओठ दाताखाली गेला. एक पायरी राहिली होती. आता ती बोलणार. माझं उत्तर, मी काल शोधलेलं, रात्रभर उशाशी घेऊन झोपलेलं उत्तर, ती माझ्यादेखत सांगून टाकणार. आणि मी? मी परत शेजारच्या टेबलावर.

“रक्तगट!” मी ओरडलो. “शालन, रक्तगट! ते थंडीत एकमेकांना चिकटतंय. आधी धुवा, मग मिसळा!”

मी कोणत्याही चांगुलपणानं हे केलं नाही, हे नोंदवून ठेवतो. मला कोकरू आठवलं नाही, तात्या आठवले नाहीत. ते तिनं आधी सांगितलेलं मला सहन झालं नसतं, एवढंच. जीभ सुटली ती सुटली.

शालननं वळून माझ्याकडं पाहिलं. मग ती फ्रिजकडं धावली. मेंढीच्या त्या वैऱ्यांना पकडणारं एक रसायन तिच्याकडं होतं. काचेच्या एका पट्टीवर टाकीतल्या पेशी धुऊन त्यांचा थेंब, दुसरीवर जीपच्या थंड पेटीत चुकून राहिलेल्या एका पिशवीतल्या धुतलेल्या पेशींचा थेंब. दोन्हींत रसायन टाकलं, पट्ट्या हळूहळू डोलवल्या. पिशवीचा थेंब तसाच गुळगुळीत राहिला. टाकीचा थेंब फुटला, त्यात तांबड्या कण्या झाल्या.

बापू वाकले. “नासलं की वं!” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांची मिशी खाली आली. “बाई, ह्ये माज्यामुळं?”

“बापू, रक्त दूध न्हाई, एवढंच. मला तरी कुठं सुचलं?”

दुपारपर्यंत सगळं बदललं होतं. टाकी रिकामी केली. जीपच्या पेटीशेजारी पेशी वेगळ्या करणारं छोटं फिरतं यंत्र बसवायचं ठरलं. ज्या कळपाचं रक्त, त्याच कळपाच्या बांधावर एकेका पिशवीतलं पाणी काढून टाकायचं, पेशी धुवायच्या, आणि मगच एकत्र करायच्या. बापूंनी डेअरीतल्या एका ओळखीच्याला फोन लावला आणि यंत्र आलंसुद्धा. पुण्यात ते खरेदी करायला मला तीन समित्यांपुढं उभं राहावं लागलं असतं. माझ्या दोन वर्षांच्या लेखाचा विषय त्यांनी जेवणाआधी संपवून टाकला.

निघताना स्टँडवर शालन गप्प गप्प होती. एसटी लागली. मला वाटलं, आता आभार मानणार, आणि मला ते ऐकावं लागणार.

“मिलिंद,” ती म्हणाली, “चार म्हैने मी त्या टाकीपाशी उभी ऱ्हातीया. तू आलास, एक दिस हिंडलास, भडंग खाल्लंस आन् बोलून गेलास. मला तवापास्नं नीट बोलवंना. खरं सांगू? जळतीया मी तुझ्यावर.”

मी एसटीत खिडकीशी बसलो. कऱ्हाड गेलं, सातारा गेला, मला काही दिसलं नाही. लोक प्रवासातून पेढे आणतात, हळद आणतात, बेदाणे आणतात. शालननं दिलेले बेदाणे मी एसटीतच विसरलो. पण तिचं ते वाक्य मी घरापर्यंत व्यवस्थित आणलं.

पुणे

अहवाल लिहायला बसलो तेव्हा ते तयार वाक्य आता खोटं झालं होतं. मीच ते खोटं केलं होतं. तिचं चालतं, असं लिहिलं आणि सही केली. माझी खोली आता शालनच्या शेडमधून येणारा माल तपासते. काचेच्या पिचकाऱ्या कपाटात आहेत. अंगठ्याचा घट्टा मऊ पडत चाललाय, आणि मधूनच मी तो चाचपून बघतो, अजून आहे का म्हणून.

परवा शालनचा फोन आला. तात्यांची एक मेंढी व्याली आणि तिला दगडी झाली होती. नव्या खेपेची सुई दिली. कास नरम पडली. कोकराला शेळीवर लावायची वेळ आली नाही, आईच पाजते. हौसाक्कांनी मला माडगं प्यायला बोलावलंय.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोला, पोटातही दुखलं, कारण सुई तिच्या हातची होती. दोन्ही एकदमच झालं. मग मी जरा घसा साफ केला आणि विचारलं, “शालन, तू अजून जळतेस का गं माझ्यावर?”

“लय,” ती म्हणाली.